पांढुर्ण्याच्या गल्लीत

इटारसीहून नागपूरकडे जाणारी आगगाडी मुलताई सोडून सातपुड्याचा उतार उतरू लागली, की डब्यातली भाषा हळूहळू पालटते. बैतूलला चढलेले लोक हिंदीत बोलत असतात, त्यातच कुणी तरी मागच्या बाकावरच्या सोयऱ्याला "कवा आलास गा?" असे विचारतो आणि कानांना एकदम घरी आल्यासारखे वाटते. पांढुर्णा स्टेशन मध्य प्रदेशात आहे, पाट्या हिंदीत आहेत. पण फलाटावरची वादावादी मराठीत चालते. आम्हां इंदूरकरांना याचे फार अप्रूप. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीसाठी दक्षिणेतून आले. पांढुर्णा-सौसरची मराठी माणसे मात्र कुठूनच आलेली नाहीत. ती आपल्या वावरांत, आपल्या घरांत होती तिथेच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौसरचा हा मराठी मुलूख भोपाळच्या वाट्याला आला. आदल्या दिवसापर्यंत त्यांची राजधानी नागपूर होती.

माझी आत्या पांढुर्ण्याला दिली. तिचे घर जाम नदीपासून फार लांब नाही. २०२४ च्या पोळ्याला मी तिच्याकडे गेलो, त्याला सणाखेरीज आणखी एक कारण होते. आत्याला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणे अजून खणखणीत. आतेभावाने फोनवर सांगितले होते, "आई चार महिने घराबाहेर पडली नाही. तू येऊन समजाव." कुणाला समजवायचे, हे त्याने सांगितले नव्हते.

गल्लीत शिरताच ते कळले. आत्याच्या ओट्याला विटा-सिमेंटचा एक उतार केला होता, खुर्ची रस्त्यावर नेता यावी म्हणून. आणि त्या उताराच्या तोंडाशी, एक हाताचेही अंतर न ठेवता, शेजाऱ्यांची पांढरी मोटार उभी होती.

ही गल्ली मी लहानपणापासून पाहतो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही इथे येत असू, तेव्हा प्रत्येक घरासमोर एक बंडी उभी असे. दिवसा ती वावरात, संध्याकाळी दाराशी. तिच्या साटीवर आम्ही मुले झोपत असू, बायका तिच्यावर वड्या वाळत घालीत. गल्ली तेव्हाही एवढीच अरुंद होती आणि बंडी काही मोटारीहून फार लहान नसते. तरी बंडीवरून भांडण झाल्याचे मला आठवत नाही. लग्नाची वरात आली, कुणाची तिरडी निघाली, की दोघे-चौघे गडी पुढे होत, धुरा उचलीत आणि बंडी बाजूला सारीत. मालक घरी आहे की नाही, हे कुणी पाहत नसे. बंडी एकाची असे, पण ती हलविण्याचा अधिकार साऱ्या गल्लीचा होता, कारण बंडीला कुलूप नसते. मोटारीची किल्ली मात्र एकाच्याच खिशात असते, आणि तो खिसा कधी वावरात, कधी नागपुरात, कधी दुपारच्या झोपेत.

शेजारी दुष्ट माणूस असता तर ही हकीकत दोन ओळींत संपली असती. पण आत्याला झटका आला त्या रात्री दीड वाजता याच मोटारीतून त्याने तिला शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरला पोचविले. पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत. त्याचा बाप आणि माझे आतोबा एका मोटेवर वाढलेले. तो आत्याला काकू म्हणतो, आणि ती त्याला अजून बाबू म्हणते. मी संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून विषय काढला, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, मी कवाच नाही म्हटलं का? काकूनं निस्ती हाक मारावं, उभ्या उभ्या गाडी काढतो. पण ठेवू कुठं? बाजाराच्या मैदानात ठेवली त आरसा फुटला. गोटमारीच्या दिवशी काच राहील का?"

मला ते पटले. घरी येऊन आत्याला तसे सांगितले. तिने डाव्या हाताने पदर सारखा केला आणि म्हणाली, "देवळात जायचं, हाक मार. चार घरं सोडून मैत्रीण आहे, तिच्याकडे जायचं, हाक मार. नुसतं दाराबाहेर उन्हात बसायचं, तरी हाक मार. तू इंदूरला घराबाहेर पडताना कोणाला हाक मारतोस?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते.

झटक्यानंतर तीन महिने ती नागपूरला नातवाच्या सदनिकेत होती, व्यायामोपचारासाठी. तिथल्या इमारतीखाली, लिफ्टजवळ, जमिनीवर पिवळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचे चित्र काढलेली एक जागा तिने पाहिली होती. अशी जागा का आखतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी आणि तिची रुंदी किमान ३.६ मीटर हवी, म्हणजे साध्या मोटारीच्या जागेहून मीटरभर अधिक. तो अधिकचा मीटर मोटारीसाठी नाहीच. मोटारीचे दार पूर्ण उघडावे, खुर्ची त्याच्या शेजारी लागावी आणि माणूस एकीतून दुसरीत सरकावा, यासाठी तो मोकळा ठेवतात. गंमत अशी, की त्या इमारतीत नेमक्या त्याच पट्ट्यात कुणी ना कुणी स्कूटर लावी. विचारले तर उत्तर ठरलेले, "एवढी जागा रिकामीच तर आहे!" नातू प्रत्येक सभेत उभा राहून सांगे, की ती जागा रिकामी नाही, ती भरलेलीच आहे. सभासद मान डोलवीत, आणि सकाळी स्कूटर तिथेच.

मोठ्या शहरांत या जागांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावे गेले आहेत. २०१० साली मुंबईच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात न्यायालयाने ठरविले, की इमारतीच्या खांबांमधली वाहनतळाची जागा बांधणाऱ्याला वेगळी विकता येत नाही; ती साऱ्या रहिवाशांची सामाईक. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे मी पांढुर्ण्याहून परतल्यावर दोन महिन्यांनी, राजीव रतूरी यांच्या याचिकेत न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून भागणार नाही, काही नियम सक्तीचे करावे लागतील. आत्याच्या गल्लीत मात्र ना खांब, ना लिफ्ट, ना सभा. तिथले कायदे कुणाला विचारावे?

त्यासाठी मी रविवारी सौसरला गेलो. आतेभावाचे मामेसासरे तिथे राहतात. जन्मभर पटवारी होते. (महाराष्ट्रातला तलाठी तो आमच्याकडे पटवारी.) पांढुर्ण्याहून सौसरची वाट कापसाच्या आणि संत्र्यांच्या मळ्यांतून जाते. आंबिया बहाराची फळे अजून हिरवीच होती. सौसर पूर्वी नागपूर-छिंदवाड्याच्या चिमुकल्या नॅरोगेज गाडीचे स्टेशन होते. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. जवळच जामसावळीचा मारुती, पिंपळाखाली आडवा पहुडलेला. इतर गावांचे मारुती उभे. हा एक निजलेला, आणि त्याला उठवायला कुणी जात नाही, सारे त्याच्यापाशी खाली वाकून बसतात. देवळाबाहेर मोटारींची ही गर्दी. मी दर्शन घेतले आणि पटवारीबुवांकडे गेलो.

त्यांनी सुपारी कातरीत सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आपल्या भागात वाटेचे भांडण नवे नाही. सुखाधिकाराचा कायदा १८८२ चा. आरंभी तो मद्रास, कुर्ग आणि आपला मध्य प्रांत, एवढ्यांनाच लागू केला होता. मुंबईला नंतर मिळाला." मला हे ठाऊक नव्हते. वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा एखादी वाट वापरली तर ती वापरण्याचा हक्क पडतो, हे सूत्र सौसरच्या शेतकऱ्याला मुंबईकराच्या आधी मिळाले होते तर! शिवाय गावोगावचा वाजिब-उल-अर्ज, ज्यात वाटेचे, पाण्याचे, मासेमारीचे रिवाज लिहून ठेवलेले. आणि निस्तारपत्रक, ज्यात गुरे कुठे चरावी, लाकूडफाटा कुठून घ्यावा, हे नमूद. निस्तार या शब्दावर ते थोडे थांबले. सामाईक जागेतून प्रत्येकाच्या रोजच्या गरजा भागणे म्हणजे निस्तार. इतका सोपा आणि इतका अवघड शब्द दुसरा नाही, असे त्यांचे मत. "१९५९ च्या भू-राजस्व संहितेत कलम १३१ आहे. वावरात जाण्याच्या वाटेचा तंटा असेल तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करून, पूर्वीचा रिवाज पाहून आणि सर्व पक्षांची सोय पाहून निकाल द्यावा. सर्व पक्षांची सोय! हे शब्द मी तीस वर्षे वाचून दाखविले."

"मग आत्याला हे कलम लागेल?"

"छे. ते वावराच्या वाटेला. गल्ली नगरपालिकेची. सरकारी रस्त्यावर मोटार ठेवण्याचा हक्क वीस काय, शंभर वर्षांनीही पडत नाही. रस्ता अडविला तर पूर्वी ताजीरात-ए-हिंदच्या २८३ कलमाखाली दोनशे रुपये दंड होता. १ जुलैपासून न्याय संहितेचे २८५ आले, आता पाच हजारांपर्यंत. तुम्ही अर्ज करा, मोटार हटेल." त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "पण मोजणीला माणूस येईल तो फीत घेऊन येईल. तुमच्या आत्याचा तो उतार किती हात रस्त्यात आहे?"

अडीच हात. मी येताना पाहिला होता.

परतीच्या वाटेवर मनात तेच घोळत राहिले. शेजाऱ्याची मोटार अतिक्रमण, आणि आत्याचा उतारही अतिक्रमण. कागदावर दोन्ही सारखेच. एक म्हणते मला ठेवू द्या, दुसरे म्हणते मला जाऊ द्या. फिती ही दोन वाक्ये वेगळी वाचत नाहीत. मी आतेभावाला अर्ज करू नकोस म्हणून सांगितले. हा सल्ला बरोबर होता की भित्रेपणाचा, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला, पोळा. आता पांढुर्ण्यात ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून तर मोटारी दिसामाशी वाढताहेत. तरी पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या होतात, शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल लेवून ते घरोघर ओवाळून घ्यायला येतात. शेजाऱ्याकडे अजून एक जोडी आहे. दुपारी चारला तो आपण होऊन बाहेर आला, मोटार सुरू केली आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभी केली. बैल दाराशी यायचे, त्यांना वाट हवी.

आत्या ओट्यावर खुर्चीत बसून सारे पाहत होती. पुरणाचे ताट मांडीवर होते. बैलांना तिने घास भरविला, त्यांच्या खुरांवर सुनेकडून पाणी घालविले. मग सहज आवाजात म्हणाली, "बाबू, बैलांसाठी काढलीस ना रे गाडी. हाक नाही मारावी लागली त्यांना."

बाबू खाली मान घालून दावे सोडीत राहिला. त्याच्या बायकोने मात्र ते ऐकले होते. आत्या त्या संध्याकाळी चार महिन्यांनी गल्लीत उतरली. मी खुर्ची ढकलू लागलो, तर तिने माझा हात बाजूला केला आणि सुनेला म्हणाली, "तू चल. याला वाट ठाऊक नाही." मैत्रिणीच्या दाराशी दोघी अंधार पडेतो बसल्या.

३ तारखेला गोटमार. जाम नदीच्या पात्रात मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळविली आणि दोघे नदीत अडकले, अशी आख्यायिका. दरसाल शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू दिवसभरही टिकले नाहीत. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दोन्ही काठ तिथे हात जोडतात. मला ही प्रथा आवडत नाही, आणि हे मी आत्याच्या घरीही बोलून दाखविले. त्या दिवशी आम्ही दारे लावून बसलो. लांबून आरोळ्या ऐकू येत होत्या. मोटार शेजाऱ्याने गुरांच्या कोठ्यात घुसविली होती, आणि बैल बाहेर, खुंट्याला.

चार तारखेला सकाळी मी उठलो तर गल्लीत तो आणि आतेभाऊ उकिडवे बसलेले. पोळ्यासाठी ओटे सारविल्यावर उरलेला चुना होता. मध्ये आत्याची रिकामी खुर्ची. ती उतारावरून खाली आणीत, वळवीत, पुन्हा मागे नेत त्यांनी तिला किती जागा लागते ते पाहिले. नंतर मोटार समोरच्या भिंतीला इतकी खेटून लावली, की त्याला डाव्या दाराने उतरावे लागले. आणि आत्याच्या बाजूने चुन्याची एक रेघ ओढली. सामान्य वाटसरूला ती रेघ कशाची, हे कळायचे नाही.

मी इंदूरला परतलो. गणपती बसले, त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला. मी आत्याला फोन करून रेघेचे विचारले.

"रेघ केव्हाच वाहून गेली," ती म्हणाली.

"आणि गाडी?"

"दोन चाकं आपल्या जागी आहेत. एक आलंय इकडे." मग पलीकडे सुनेला कुणी तरी काही विचारीत होते, तिकडे तिचे लक्ष गेले. पुन्हा बोलू लागली तेव्हा म्हणाली, "आज खाली उतरले की सांगते त्याला."