पाच मिनिटांचा अंधार

प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. साठीतले एक काका बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, परवा उजव्या डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं. पाच मिनिटांत आपोआप गेलं." मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या, काका." चौथ्या दिवशी मुलाने त्यांना आणलं, तेव्हा त्यांची डावी बाजू लुळी पडली होती.

हे मी एमडीला शिकलो होतो. समोर आलं तेव्हा मात्र ओळखलं नाही.

ज्यांच्यामुळे आम्ही ते शिकलो, ते डॉ. सी. मिलर फिशर. जन्म 1913, कॅनडा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात डॉक्टर होते. 1941 मध्ये त्यांचं जहाज बुडालं आणि सुमारे साडेतीन वर्षं जर्मनांच्या कैदेत गेली. परतल्यावर ते माँट्रियलमध्ये मेंदूविकारांकडे वळले. तिथे पक्षाघाताच्या एका रुग्णाने त्यांना सांगितलं, की हातपाय जाण्याआधी एका डोळ्याने मधूनच दिसेनासं व्हायचं, आणि तो डोळा लुळ्या बाजूचा नव्हता, दुसऱ्या बाजूचा होता.

फिशर यांनी हे बोलणं सोडून दिलं नाही. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. त्या उजव्या भागाला आणि उजव्या डोळ्याला रक्त पोचवते ती मानेतली एकच कॅरोटिड धमनी. त्या काळी शवविच्छेदनात मानेतल्या धमन्या सहसा पाहत नसत. फिशर यांनी पाहिल्या, आणि अशा रुग्णांत त्या बंद झालेल्या सापडल्या. 1951 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी अनेक वर्षं विद्यार्थी घडवले. रुग्णाची खाट हीच प्रयोगशाळा, असं ते शिकवत. त्यांचे शिष्य डॉ. लुई कॅप्लान यांनी 1982 मध्ये त्यांचे असे नियम एकत्र करून छापले.

आता आपल्या कामाचं. रक्तपुरवठा थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू झाला, तर त्याला टीआयए म्हणतात. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय अचानक गळून जाणं, बोबडी वळणं, एका डोळ्यासमोर अंधार येणं ही त्याची लक्षणं. ती गेली म्हणजे धोका टळला असं नाही. पुढच्या दोन दिवसांत पक्षाघाताचा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून त्याच दिवशी, लगेच, सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा. मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा अनियमित ठोके असतील तर जास्तच जपा.

लक्षणं तशीच राहिली, तर किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. स्कॅन होण्याआधी मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण मेंदूत रक्तस्रावही असू शकतो. तोंडावाटे काही भरवू नका.

काका वाचले. काठी घेऊन चालतात, आणि अजूनही माझ्याकडेच येतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून रुग्ण उठायला लागला, की मी त्याला पुन्हा बसवतो आणि विचारतो, "अजून काही झालं होतं का? बरं झालेलंसुद्धा सांगा."