आधी धाव, मग घुंगुरमाळ

नव्या वस्तूचे कौतुक माणसाला आधी नटवायलाच लावते. धुळ्याच्या माझ्या भाच्याने थार घेतली आणि जळगावला पेढ्यांबरोबर एक यादीही आणली: टपावरचे दिवे, पुढे पोलादी कठडा, मागे शिडी. पैसे मात्र एकदोन वस्तूंपुरतेच!

मी म्हटले, "बाबा रे, नव्या बैलगाडीच्या चाकाला आधी लोखंडी धाव चढवीत, आसाला वंगण घालीत, घुंगुरमाळा मागाहून येत."

आपली खानदेशची काळी माती पावसात चाकाला लिंपून बसते. रुंद खाचांचे टायर ती झटकून टाकतात. म्हणून पहिला पैसा टायरांना. उरला तर ओढायच्या दोराला आणि हवेच्या पंपाला. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते. डांबरी रस्ता लागताच ती पुन्हा भरायची. कठड्याचे म्हणाल, तर अशा कठड्यांवर कारवाई करा, असे केंद्र सरकारनेच २०१७ साली राज्यांना कळविले आहे.

भाच्याची आई, म्हणजे माझी ताई, शिरपूरपलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी शेतावर राहते. श्रावणातल्या रात्री तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर शेतातली वाट गाडीचे रूप पाहणार नाही, पाय पाहील.