सल्ल्याची खुर्ची

१९८२ हे साल मुंबईच्या मराठी माणसाला विसरता येणार नाही. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगावचे भोंगे एकेक करून मुके होऊ लागले. योगायोग असा, की त्याच साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कनॅपोलिस या गिरणगावातही एका पर्वाची अखेर सुरू झाली. तेथील कॅनन गिरण्या त्या वर्षी डेव्हिड मर्डॉक या धनिकाने विकत घेतल्या. अंग पुसण्याच्या पंचांसाठी ही कंपनी साऱ्या अमेरिकेत नावाजलेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स कॅनन यांनी माळरान विकत घेऊन तेथे गिरणी आणि गिरणीभोवती गाव वसवले. घरे कंपनीची, दुकानांची जागाही कंपनीची! गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती थेट १९८४ साली. पुढे गिरण्या हातोहाती फिरत पिलोटेक्स कंपनीकडे आल्या आणि ३० जुलै २००३ रोजी त्या कायमच्या बंद झाल्या. एका दिवसात त्या एका राज्यातील साडेचार हजारांहून अधिक माणसांची रोजी गेली. त्या राज्याच्या इतिहासात तोपर्यंत एवढी मोठी कामगारकपात झाली नव्हती.

आमची कन्या व जावई शार्लट शहरी राहतात. तेथून कनॅपोलिस मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यांच्याकडे मुक्काम होता तेव्हा आम्ही हट्टाने ते गाव पाहून आलो. गिरणीच्या जागी आता संशोधनसंस्थांच्या विटांच्या देखण्या इमारती उभ्या आहेत. आमच्या लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु आम्हांस आज इमारतींविषयी लिहावयाचे नाही. गिरणी बंद झाल्यावर त्या कामगारांनी कोणाचे दार ठोठावले, हा आमच्या जिज्ञासेचा विषय होता.

अनेकांनी ठोठावले ते रोवन-कबॅरस सामुदायिक महाविद्यालयाचे. ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संस्था आपल्याकडील महाविद्यालयाहून निराळी आहे. दोन वर्षांचे अभ्यासक्रम, माफक शुल्क, प्रवेशासाठी गुणांची चढाओढ नाही. अठरा वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीची बाई एका बाकावर बसलेली दिसतात. नॉर्थ कॅरोलिनात अशी ५८ महाविद्यालये आहेत. पिलोटेक्सच्या कामगारांपैकी पुष्कळांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. ते वयाच्या चाळिशी-पन्नाशीत पाटी-पेन्सिल घेऊन बसले. कोणी रुग्णसेवा शिकले, कोणी वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती. आणि ज्यांना स्वतःचे काही काढावयाचे होते त्यांच्यासाठी त्याच आवारात आणखी एक खोली होती. तिच्यावर पाटी होती, लघुउद्योग केंद्र.

ही खोली त्या राज्यातील ५८ही महाविद्यालयांत आहे. १९८४ साली या केंद्रांचा आरंभ झाला आणि त्यांचा खर्च राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या निधीतून चालतो. येथे कर्ज मिळत नाही, अनुदान मिळत नाही. मिळतो तो सल्ला. तोही विनामूल्य आणि गुप्त. पैसे मिळतील या आशेने येणारे पुष्कळ जण हे ऐकून हिरमुसतात, असे एका केंद्राच्या संचालिकाबाईंनी आम्हांस हसत हसत सांगितले. सल्लामसलत गुप्त असल्यामुळे तेथे आम्हांस बसता येणार नव्हते. पण संध्याकाळच्या वर्गाला या म्हणाल्या. जावयांच्या डोक्यात तेव्हा स्वतःचा काही धंदा काढण्याचे घाटत होते, त्यामुळे आम्हीही त्यांच्यासोबत मागच्या रांगेत जाऊन बसलो.

वीस-पंचवीस माणसे असतील. एक केशकर्तन करणारा, एक फरशी बसवणारा, घरी तमाले करून विकणारी एक मेक्सिकन बाई, फिरत्या गाडीवर खाद्यपदार्थ विकू इच्छिणारे दोघे भाऊ. शिकवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. त्यांनी उद्योजकतेवर व्याख्यान दिले नाही. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि म्हणाले, दुकानाचे महिन्याचे भाडे लिहा. त्याखाली वीज, विमा, माल, मदतनिसाचा पगार. त्याखाली स्वतःच्या घराला महिन्याला लागणारी रक्कम. आता एका गिऱ्हाइकामागे तुमच्या हाती किती उरते ते लिहा, आणि वरच्या बेरजेला त्याने भागा. रोज किती गिऱ्हाइके यावी लागतील?

वर्गात शांतता पसरली. त्या दोघा भावांपैकी धाकट्याने पेन खाली ठेवले आणि थोरल्याकडे पाहिले. गृहस्थ त्यांच्या बाकापाशी जाऊन वाकले आणि हळू आवाजात काही बोलले. आमच्या कानी एवढेच पडले की, गाडी विकत घेण्याआधी सहा महिने शनिवार-रविवार भाड्याची गाडी लावून पाहा. आमच्या जावयांनी मात्र घरी येईपर्यंत चकार शब्द काढला नाही, आणि धंद्याचा विषय पुढे कधी निघालाही नाही!

तो कोरा कागद पाहताना आम्हांस आमचे एक चुलत बंधू आठवले. परळच्या एका गिरणीत ते जॉबर होते. १९९३ च्या सुमारास त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, हाती आलेल्या रकमेतून नालासोपाऱ्याला स्टेशनजवळ गाळा घेतला आणि वह्या-पुस्तकांचे दुकान थाटले. उद्‌घाटनाला फादर आले, पाण्याचे सिंचन झाले, पेढे वाटले गेले. त्यांना पैसा कमी पडला नाही. मागाच्या आवाजावरून कोठे धागा तुटला हे ओळखणारा तो माणूस. पण शाळा सुरू होण्याचे दोन महिने सोडले तर वर्षाचे उरलेले दहा महिने दुकानाचा खर्च कशातून निघणार, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. उधारी वाढली, घाऊक व्यापाऱ्याचा तगादा लागला, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाळा विकला गेला. असे बंधू, असे मामा, असे शेजारी आपल्या प्रत्येक वाडीत निघतील.

त्या काळी शासनाकडे यासाठी पैसा नव्हता, असेही नाही. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पुनरुत्थान निधी स्थापन केला होता. बेकार झालेल्या कामगारांचे पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्वसन हा त्याचा एक घोषित हेतू होता. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीची भरपाई देण्यात खर्ची पडली. प्रशिक्षणाच्या वाट्याला थोडेसे आले. म्हणजे कामगाराच्या हाती रोकड दिली गेली, पण त्या रोकडीशेजारी बसून बेरीज-वजाबाकी करणारा माणूस मात्र नेमला गेला नाही.

अमेरिकेत तरी तो माणूस सुखासुखी नेमला गेला असे कोणी समजू नये. तेथे संघराज्याची स्वतंत्र योजनाही आहे. १९७६ साली काही विद्यापीठांत प्रयोग झाला आणि १९८० च्या कायद्याने लघुउद्योग विकास केंद्रे रीतसर उभी राहिली. त्यांतील कित्येक सामुदायिक महाविद्यालयांतच आहेत. टेक्ससच्या उत्तर भागातील केंद्रांच्या जाळ्याचे नेतृत्वही डॅलस कॉलेज या सामुदायिक महाविद्यालयाकडे आहे. संघ सरकार एक डॉलर देते तेव्हा राज्याने वा संस्थेने निदान एक डॉलर स्वतःचा घालावा लागतो. त्यातला अर्धा वाटा तरी रोख हवा. उरलेला खोली, वीज, कर्मचाऱ्यांचा वेळ या रूपाने चालतो. आमच्या मते या अटीत मोठे शहाणपण आहे. ज्या महाविद्यालयाने आपली खोली आणि आपला पैसा घातला आहे, त्याला ते केंद्र परके वाटत नाही. उलट बाजूही आहे: राज्याने हात आखडला की संघाचा डॉलरही अडकतो. आणि वरून हात आखडण्याचे प्रयत्न झालेच. १९८५ साली रेगन प्रशासनाने या केंद्रांचा पोशिंदा असलेले लघुउद्योग प्रशासनच गुंडाळावे असा प्रस्ताव मांडला होता. तो काँग्रेसने मानला नाही. २०२३ या वर्षासाठी या विकास केंद्रांना संघाकडून सुमारे १४ कोटी डॉलर मिळाले. एवढ्या अवाढव्य देशाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम म्हणजे दर्यामे खसखस.

या खर्चाविरुद्धचा युक्तिवाद आम्हांस सर्वस्वी गैर वाटत नाही. धंदा काढणारा स्वतःच्या नफ्यासाठी काढतो, मग त्याच्या सल्लागाराचा पगार करदात्याने का द्यावा? शिवाय गावातील हिशेबनीस जे काम शुल्क घेऊन करतो तेच काम सरकारने फुकट का करावे? याला केंद्रवाल्यांचे ठरलेले उत्तर असे, की इतके उद्योग निघाले, इतक्या नोकऱ्या निर्माण झाल्या, त्यातून इतका कर आला. विधिमंडळापुढे दरवर्षी हे आकडे ठेवावे लागतात. आमच्या मनाला मात्र हे उत्तर उणे वाटते, कारण त्या खुर्चीचे सर्वांत मोलाचे काम त्या आकड्यांत बसतच नाही. जे दुकान निघाले नाही, जे कर्ज घेतले गेले नाही, जे घर गहाण पडले नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करणार? त्या दोघा भावांनी गाडी घेतली नसेल तर केंद्राच्या अहवालात तो शून्य उद्योग, शून्य नोकऱ्या असा दिसेल. बँकेचा अधिकारी कर्ज देण्यासाठी बसलेला असतो, दलाल गाळा विकण्यासाठी, यंत्राचा विक्रेता यंत्र खपवण्यासाठी. ज्याला काहीच विकावयाचे नाही आणि म्हणून जो ‘थांबा’ असे म्हणू शकतो, अशा माणसाचा पगार सार्वजनिक तिजोरीतून गेला नाही तर तो जाणार तरी कोठून?

अर्थात खुर्चीवर कोण बसतो यावर सारे अवलंबून. लहान महाविद्यालयांत हे केंद्र म्हणजे बहुधा एकच संचालक आणि गरजेपुरते बोलावलेले सल्लागार. तो एक माणूस कंटाळला, की केंद्र म्हणजे माहितीपत्रकांची मांडणी होऊन बसते. पण संकटकाळी त्याच एका माणसाची किंमत कळते. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन चक्रीवादळाने त्या राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भाग उद्ध्वस्त केला. आपत्तीग्रस्त दुकानदारांसाठी संघाची कर्जे होती; परंतु त्या निधीतील पैसा ऑक्टोबरातच संपला आणि काँग्रेसने डिसेंबरात नवी तरतूद करीपर्यंत नवी कर्जे देणे थांबले. ज्याचे हिशेब पुरात वाहून गेले आहेत, त्याला अशा वेळी अर्जात काय लिहावे आणि तोवर कोणती देणी आधी चुकवावीत हे सांगणारा कोणीतरी जवळ असावा लागतो.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे. १९८२ साली कर्नाटकात उजिरे येथे डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी दोन बँकांच्या साहाय्याने जी प्रशिक्षण संस्था काढली, तिच्या धर्तीवर २००९ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाल्या आहेत. तेथील प्रशिक्षण चांगले असते, असे जाऊन आलेले तरुण सांगतात. परंतु ती ठिकाणे जिल्ह्याची, योजनेची, अर्जाची. गावातल्या शिकत्या जागेत, रोजच्या वाटेवर ती नाहीत.

आणि येथे आम्हां ख्रिस्ती वाचकांशी थोडे घरचे बोलावेसे वाटते. भारतात सामुदायिक महाविद्यालयांची कल्पना रुजवण्यात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने मद्रास कम्युनिटी कॉलेज सुरू केले आणि येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी ही चळवळ देशभर नेली; विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली आपली योजना आणली ती त्यानंतर. अमेरिकेतून आपण अभ्यासक्रम आणला, माफक शुल्क आणले, कौशल्याला मान देण्याची वृत्ती आणली. ती शेजारची छोटी खोली तेवढी तिकडेच राहिली. वसईत पैशाचा प्रश्न आपल्या पूर्वजांनी १९१८ सालीच हाती घेतला आणि त्यातून आजची बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली. सावकाराच्या दारी जाणे त्यामुळे टळले. कर्ज घ्यावे की न घ्यावे, हे विचारावयास मात्र आजही आपला तरुण कर्ज देणाऱ्याकडेच जातो.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची एक मुलगी आमच्याकडे आली. बी.कॉम. झालेली, हाताला चव असलेली. आईचे दागिने मोडून रेल्वेस्थानकाजवळ जेवणाच्या डब्यांचे स्वयंपाकघर काढावे असे तिच्या मनात आहे. “अंकल, तुम्ही अमेरिकेत जाऊन आलात, सांगा ना कोणाला भेटू,” म्हणाली. आम्ही तिला एक कोरा कागद दिला आणि भाडे किती ते लिहावयास सांगितले. ती म्हणाली, घरमालकाने अजून भाडे सांगितले नाही, आधी अनामत आणून द्या म्हणतो. आम्ही पैसे देऊ नकोस असे सांगितले खरे. पण वीज-जोडणी, अन्नपरवाना आणि करारपत्र यांतले आम्हांस काहीच कळत नाही. त्यासाठी तिला कोणाकडे पाठवावे, याचा शोध आम्ही अजून घेत आहोत.