समोरच्याचं व्होल्टेज

मी पुण्यात मायक्रोकंट्रोलरची कार्डं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. चिपमध्ये प्रोग्राम उतरवायचा, चालता प्रोग्राम मध्येच अडवून आत काय गडबड आहे ते बघायचं, हा रोजचा उद्योग. त्यातल्या बऱ्याच भानगडी प्रोग्रामच्या नसतातच. लॅपटॉपला लावलेला प्रोग्रॅमर ३.३ व्होल्टवर, कार्डावरची चिप १.८ वर किंवा ५ वर, आणि दोघांच्या मधल्या तारांकडे कुणी लक्ष दिलेलं नाही, एवढंच शेवटी निघतं. मला हे वर्गात कुणी शिकवलं नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीत, घरकुलातल्या एका खोलीत शिकवलं गेलं. शिकवणाऱ्याचं देणं निदान कागदावर तरी यावं, म्हणून हे लिहितो आहे.

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी. विडी कामगार बायकांसाठी नरसय्या आडम यांनी वर्षानुवर्षं लढून इथे १०,००० घरं उभी करवली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं. आम्ही शहराच्या पूर्व भागातली भाड्याची खोली सोडून इथे आलो ते आईच्या विड्यांच्या जोरावर. सूप मांडीवर घेऊन ती दिवसाला हजार विडी वळायची आणि माझी डिप्लोमाची फी त्यातूनच जायची. आईच्या देण्याबद्दल मी लिहिणार नाही, ते लिहून संपणारं नाही.

मला शिकवणारे अण्णा आमच्या मागच्या गल्लीत. घर बायकोच्या नावावर, कारण विडी कामगार ती. ते स्वतःला हसत हसत तिचा भाडेकरू म्हणायचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मागाच्या मालकाशी हिंदी. उमेदीची वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली होती. काही कारखान्यांत रेपियर माग आणि इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले, तेव्हा त्यांनी पाना बाजूला ठेवून मीटर हातात घेतला. बंद पडलेलं कार्ड पुण्या-मुंबईला पाठवलं की माग कितीतरी दिवस उभा, त्यामुळे मालक लोक कार्ड पिशवीत घालून थेट कुंभारीला यायचे.

सर्किट ते पेपर वाचावा तसं वाचायचे. अडायचं फक्त डेटाशीटमधल्या लांबलचक इंग्रजी परिच्छेदांशी. म्हणून संध्याकाळी मी पानं वाचून अर्थ सांगायचा आणि त्या बदल्यात त्यांच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसायचं, असा आमचा व्यवहार ठरला. टेबलावर भंगारच्या लिलावातून आणलेला जुना दोन चॅनेलचा सीआरओ (ऑसिलोस्कोप) होता. भारनियमनात तो बंद, मग बॅटरीवर चालणाऱ्या मीटरची कामं. वापरलेल्या सुट्या भागांचे पैसे ते वहीत माझ्या नावावर मांडायचे आणि महिन्याच्या शेवटी घ्यायचेही. वेळेचे पैसे मात्र कधी मांडले नाहीत.

पहिला धडा मॅक्स२३२ चा. आमच्या पॉलिटेक्निकात ८०५१ च्या घराण्यातली चिप होती. संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून तिच्यात प्रोग्राम बर्न करायचा आणि मध्ये मॅक्स२३२ लावायची, असं जर्नलमध्ये लिहिलेलं. का लावायची, हे कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी ती आयसी ब्रेडबोर्डवर बसवली, भोवती चार कन्डेन्सर लावले, ५ व्होल्टचा सप्लाय दिला आणि मीटरची सळी माझ्या हातात दिली. म्हणाले, "दोन नंबरची पिन बघ, मग सहा नंबरची." दोनवर ९ च्या आसपास आकडा. सहावर तितकाच, पण वजा.

"पाचचा सप्लाय दिलाय ना बे? मग वजा नऊ आलं कुठून?"

मी सप्लायकडे बघत राहिलो. मग त्यांनी समजावलं. आयसीच्या आतले स्विच एक कन्डेन्सर ५ व्होल्टला भरतात, भरलेला तोच कन्डेन्सर उचलून सप्लायच्या डोक्यावर ठेवतात आणि दुप्पट व्होल्टेज दुसऱ्या कन्डेन्सरमध्ये ओततात, बादलीने उपसून वरच्या टाकीत टाकावं तसं. उरलेली जोडी तेच उलटं करून वजा बाजू तयार करते. एवढा खटाटोप आरएस-२३२ साठी. त्या जुन्या पद्धतीत एक म्हणजे वजा ३ ते वजा १५ व्होल्ट आणि शून्य म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. चिपच्या हिशेबात शून्य म्हणजे ० च्या जवळ आणि एक म्हणजे ५ च्या जवळ. नुसते आकडे वेगळे नाहीत, अर्थही उलटे. संगणकाची तार थेट चिपच्या पिनला लावली तर काहीही पाठवायच्या आधीच, निवांत असतानासुद्धा, पिनवर वजा व्होल्टेज बसतं. बऱ्याच पोरांच्या चिपा अशाच जातात आणि पोरं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात.

अण्णांचं पालुपद एकच होतं. कुठलंही नवं कार्ड समोर आलं की हात केबलकडे जायच्या आत, "चिपला आधी इचार, तू किती व्होल्टवर हायेस?"

हे विचारायची वेळच का यावी? चिपच्या आतले ट्रान्झिस्टर लहान होत गेले, त्यांच्यातला इन्सुलेशनचा थर पातळ होत गेला, त्याला ५ व्होल्ट सोसेनात. शिवाय वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे ५ वरून ३.३ वर उतरलं की खर्च निम्म्याच्याही खाली येतो. नवी चिप ३.३ ची, मग १.८ ची, पण तिच्या भोवतालचं जग जुनंच. मागावरचे सेन्सर २४ व्होल्टचे, डिस्प्ले ५ चा. ही मंडळी एकाच कार्डावर नांदवायची तर मध्ये पायऱ्या घालाव्या लागतात.

एका कारखान्याचं कार्ड असंच आलं होतं. दुसऱ्या कुणीतरी त्यात ३.३ व्होल्टची नवी चिप बसवून दिलेली. अण्णांच्या टेबलावर एकदम झकास चालायचं, मागाला लावलं की रात्रीच्या पाळीला डिझाइन चुकायची. ३.३ वाल्या चिपपुढे ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसी मालिकेतली आयसी होती. डेटाशीट मीच वाचून दाखवलं. ५ व्होल्ट सप्लायवर एचसीला 'एक' म्हणून खात्रीने ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात. मिळत होते ३.३. प्रत्यक्षात अशी आयसी अडीचच्या आसपासच पलटते, म्हणून टेबलावर सगळं सुरळीत. शेडमध्ये मोटारी सुरू झाल्या, ग्राउंड हलू लागलं, की तो मधला उसना आधार सुटायचा. अण्णांनी ७४एचसी उपसली आणि त्याच पिनांची ७४एचसीटी लावली. तिला २ व्होल्ट पुरतात. एका टी अक्षराने माग सुरू झाला. कार्ड नेणाऱ्याने बिल बघून कुरकूर केली, कारण आयसीची किंमत काहीच नव्हती. अण्णांनी एक रुपया कमी केला नाही. ते बरोबरच होतं.

सगळ्यात चांगला धडा भुताटकीचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी ३.३ व्होल्टची एसटीएम३२ मालिकेतली चिप आणली होती. प्रोजेक्ट चालेना म्हणून कार्ड त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी काही न बोलता कार्डाची सप्लायची तार काढून बाजूला ठेवली. कार्डावरचा एलईडी मंद उजेडात लुकलुकतच राहिला. सप्लाय नाही, बॅटरी नाही, आणि प्रोग्राम चालू!

"काय बे, भूत हाय का आत?"

त्यांनी मीटर चिपच्या सप्लाय पिनवर टेकवला. अडीचपेक्षा थोडं जास्त. मग सिरियल कन्व्हर्टरची तार काढली आणि एलईडी विझला. चिपच्या बहुतेक पिनांच्या मागे संरक्षणाचा डायोड असतो, पिनवरून चिपच्या सप्लायकडे जाणारा. सप्लाय बंद आणि पिनवर बाहेरून व्होल्टेज आलं, की वीज त्या डायोडमधून आत शिरते आणि अख्खी चिप मागच्या दाराने चालू होते. हे नुसतं गमतीचं नाही. तो डायोड सप्लायचं काम करायला बनवलेलाच नसतो, प्रवाह वाढला तर चिप कायमची बसते. ती वाचली तरी अर्धवट व्होल्टेजवर चालणारी चिप वेडीवाकडी वागते. डीबग करणाऱ्याला वाटतं, आपलंच लॉजिक चुकलं. अण्णांनी त्या तारेत एक रेजिस्टन्स घातला आणि नियम सांगितला. आधी कार्डाला सप्लाय, मग केबल. काढताना उलट.

समोरचं व्होल्टेज विचारायला डीबगरच्या कनेक्टरवर एक जागाच राखून ठेवलेली असते. एआरएमच्या दहा पिनांच्या डीबग कनेक्टरात पहिली पिन काही पाठवत नाही. ती समोरच्या कार्डाचं व्होल्टेज फक्त मोजते आणि चांगला प्रोग्रॅमर आपले सिग्नल त्या मापाने बेततो. स्वस्तातल्या नकली प्रोग्रॅमरवर मात्र ३.३ असं लिहिलेल्या पिनमधून सप्लाय बाहेर येतो आणि समोर काहीही असो, सिग्नल ३.३ चेच जातात. माझ्याकडे असला नकलीच होता. एकदा १.८ व्होल्टची चिप असलेलं भंगारातलं कार्ड हाती लागलं, तेव्हा तो उपयोगाचा नव्हता.

दोन रेजिस्टन्स लावून व्होल्टेज खाली आणता येतं, हे मला ठाऊक होतं. पण डीबगिंगच्या दोन तारांपैकी एकच, घड्याळाची, एका दिशेने जाते. दुसऱ्या तारेवरून प्रोग्रॅमर चिपला सांगतो आणि त्याच तारेवरून चिप उत्तर देते. रेजिस्टन्सची जोडी जाताना उतरवते, परत येताना चढवत नाही. अण्णांनी खणातून एक झेरॉक्स काढली. १९९७ साली हेरमान शुटे नावाच्या आइंडहोवनच्या फिलिप्समधल्या इंजिनिअरने लिहिलेली टिप्पणी, क्रमांक एएन९७०५५. मुळात ती आयटूसीसाठी. एक मॉस्फेट आणि दोन रेजिस्टन्स, बस. गेट कमी व्होल्टेजच्या सप्लायला, सोर्स कमी बाजूच्या तारेला, ड्रेन जास्त बाजूच्या तारेला आणि दोन्ही तारा आपापल्या सप्लायकडे रेजिस्टन्सने वर ओढलेल्या. कमी बाजूने तार खाली खेचली की मॉस्फेट उघडतो आणि पलीकडची तारही खाली येते. जास्त बाजूने खेचली तर आधी आतला डायोड सोर्सला खाली आणतो, मग मॉस्फेट उघडतो. कुणी खाली खेचत नसेल तर दोन्ही बाजू आपापल्या उंचीवर उभ्या. दिशा सांगायला वेगळी तार लागत नाही. इतकं कमी सामान वापरून इतकं काम करणारं दुसरं सर्किट मी अजून पाहिलेलं नाही.

बीएसएस१३८ हा मॉस्फेट पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणावा लागायचा. कुणीतरी हुतात्मा एक्सप्रेसने जाणारा गाठून चिठ्ठी द्यायची. आला तरी अडचण होती. त्याला उघडायला १.५ व्होल्टपर्यंत लागू शकतात, म्हणजे १.८ वर हाताशी फारसं काही उरत नाही. अण्णांनी पाकिटातला एकेक मॉस्फेट चिमट्याने धरून मोजला आणि लवकर उघडणारे वेगळे काढले. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू. डोळ्याला भिंग, खाली वर्तमानपत्राचा कागद, पंखा बंद. सगळं सोल्डर करून झाल्यावर चिप ओळख द्यायला तयार होईना. सीआरओवर लाटेची चढती कड आडवी पडलेली दिसली. १० किलोओहमचा रेजिस्टन्स आणि तारांचा मिळून १०० पिकोफॅरड भार धरला तर चढायला निदान एक मायक्रोसेकंद लागतो आणि मी घड्याळ ४ मेगाहर्ट्झवर ठेवलेलं.

"हळू बोल की लेका," अण्णा म्हणाले.

घड्याळ १०० किलोहर्ट्झवर आणलं आणि पडद्यावर चिपची ओळख आली. आता बाजारात व्होल्टेज बदलणारे तयार शिफ्टर मिळतात, दिशा आपोआप ओळखणारेही. त्यांच्यावर मी डोळे झाकून भरवसा ठेवत नाही, कारण त्यांतल्या काहींना तार वर ओढणारा जोरकस रेजिस्टन्स सोसत नाही आणि ते मधल्याच व्होल्टेजवर अडकून बसतात.

नोकरी लागल्यावर काही काळाने मी अण्णांना नवा डिजिटल स्कोप नेऊन दिला. नको-नको म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खोका उघडला, मागची बाजू बघितली आणि विचारलं, "किती चॅनेल?" म्हटलं, दोन. "चार का न्हाई आणलास बे?" मग वही काढून माझ्या नावावरची जुनी, बंद झालेली पानं दाखवली. तुझं काही बाकी नाही, असं त्यांना म्हणायचं असावं. माझा हिशेब वेगळा आहे.

अण्णा आता कार्डं घेत नाहीत, नजर साथ देत नाही. कुंभारीत १९ जानेवारी २०२४ ला रे नगर या वसाहतीची आणखी १५,००० घरं दिली गेली, पण त्यांच्या गल्लीत त्यांच्यानंतर टेबल कुणी मांडलेलं नाही.

आमच्या कंपनीत नव्या मुलांसाठी एक तपासणीचा कागद आहे. त्याची पहिली ओळ अशी: केबल लावण्याआधी समोरच्या कार्डाचं व्होल्टेज मोजा, मोजलेला आकडा लिहा, मगच पुढे जा. तयार करणारा म्हणून खाली माझं नाव आहे. पहिली ओळ माझी नाही, कुंभारीच्या अण्णांची आहे, एवढी दुरुस्ती इथे करून ठेवतो.