परस्पर संमतीने

गेल्या पावसाळ्यात जरीपटक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत एक पोरगा सकाळीच येऊन बसला. वय 19. पाठीवर बॅग, बॅगेला चिखल वाळलेले बूट लटकवलेले. दोन वर्षांपूर्वी याच पोराला आम्ही नागपूर स्टेशनवर सोडायला गेलो होतो. बाहेरच्या एका फुटबॉल क्लबने त्याला करारावर घेतलं होतं. त्याच्या आईने वस्तीत पेढे वाटले होते. आता त्याने घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "दादा, हे वाचून सांगा ना. मी खराब खेळलो का?"

कागद इंग्रजीत होता. त्यात खेळाबद्दल एक शब्दही नव्हता. 'परस्पर संमतीने करार संपुष्टात' एवढाच मतलब. खरं तर कराराचं एक वर्ष शिल्लक होतं. मग सही का केलीस, विचारलं. म्हणाला, "सहीशिवाय रिलीज लेटर देत नव्हते. लेटर नाही तर दुसऱ्या क्लबात नाव कसं लागणार?"

पोरगा कमी पडला म्हणून काढला, असं वस्तीत सगळे बोलले. आमचं म्हणणं वेगळं आहे. खेळाडूला संघातून काढण्यामागे खेळापेक्षा हिशेब जास्त असतो, आणि तो हिशेब कोणाच्या बाजूने झुकेल हे सही करतानाच ठरलेलं असतं.

हा हिशेब सगळ्यात उघडपणे दिसतो तो अमेरिकेच्या एनएफएलमध्ये. तिथलं फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा वेगळाच खेळ. पण करार समजून घ्यायला उपयोगी. तिथे 1994 पासून प्रत्येक संघाच्या पगारावर मर्यादा आहे. 2025 साली ती 27.92 कोटी डॉलर होती. संघाचा हिशेब त्या मर्यादेत बसवावा लागतो. आता जरीपटक्याच्या दुकानातली वही डोळ्यांसमोर आणा. समजा, एका खेळाडूशी पाच वर्षांचा करार झाला. सहीच्या वेळी 20 रुपये हातात दिले आणि दरवर्षी 10 रुपये पगार ठरला. ते 20 रुपये वहीत पाच वर्षांवर वाटून, दरवर्षी 4 असे लिहिले जातात. म्हणजे खेळाडूचा वर्षाचा भार 14. दोन वर्षांनी त्याला काढलं, तर उरलेले तीन वर्षांचे 12 रुपये एकदम वहीत चढतात. यालाच तिथे 'डेड मनी' म्हणतात. ठेवला तर 14, काढला तर 12. शिवाय पुढच्या वर्षी पूर्ण 14 मोकळे. मग तो निघतो.

पण त्याच कराराने तिसऱ्या वर्षाच्या 10 रुपयांची हमी दिली असती तर? काढल्यावर 12 अधिक 10, म्हणजे 22 भरावे लागले असते. तेव्हा मालकाने त्याला ठेवलाच असता. खेळाडू तोच, पाय तेच. फरक फक्त हमीच्या एका ओळीचा.

ही ओळ कोणाला मिळते? ज्याच्यावाचून संघाचं अडतं त्याला. 2022 मध्ये डेशॉन वॉटसन या खेळाडूला 23 कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार मिळाला. एकाची हमी पक्की झाली की मर्यादेच्या आत बसायला कापाकापी होते ती बिनहमीवाल्यांची. दर ऑगस्टमध्ये तिथे प्रत्येक संघ 90 जणांवरून 53 वर येतो.

कुणी म्हणेल, मग पगारमर्यादाच वाईट. आम्हाला तसं वाटत नाही. मर्यादेमुळे श्रीमंत मालक सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ शकत नाही. आणि तिथली मर्यादा खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरते, उत्पन्नातला खेळाडूंचा वाटाही त्याच टेबलावर ठरतो. प्रश्न मर्यादेचा नाही, टेबलावर कोण बसलं आहे याचा आहे.

आपल्याकडे उलट आहे. फिफाच्या नियमांनी आपल्या फुटबॉलमधला करार कागदावर जास्त पक्का आहे. योग्य कारणाशिवाय करार मोडला तर भरपाई द्यावी लागते. दोन महिन्यांचा पगार थकला तर नोटीस देऊन खेळाडू स्वतः करार मोडू शकतो. पण करार पाळायला क्लब तरी शिल्लक हवा! मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 चा राष्ट्रीय लीग विजेता; 2010 मध्ये मालकांनी संघच बंद केला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला. 2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीग अडली आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. तो सुनील छेत्रीचा क्लब. तिथे ही गत, तर आमच्या 19 वर्षांच्या पोराला कोण विचारतो?

त्याला हक्क नव्हते असं नाही. हक्क वापरायची ऐपत नव्हती. वकील लावून वर्षभर भांडायचं की रिलीज लेटर घेऊन दुसरीकडे ट्रायल द्यायची? बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हेच विचारलं होतं: बेकार माणसापुढे नोकरी ठेवा आणि बदल्यात त्याचे हक्क मागा, तो काय निवडेल? उपाशी माणसाच्या संमतीला संमती म्हणायचं का, हा तो प्रश्न आहे. समाजशास्त्रात एम.ए. करताना दुर्खीमचं एक म्हणणं आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, की कराराच्या मागे करारात न लिहिलेलं बरंच काही असतं. ते खरं कळलं त्या सकाळी.

आणि अनुभव आमचाही आहेच. एका संस्थेत आम्ही 11-11 महिन्यांच्या करारावर चार वर्षं काम केलं. एका मार्चमध्ये 'प्रकल्प संपला' असा मेल आला. आमचं काम कमी पडलं का, हा प्रश्न आम्हीही रात्रभर स्वतःलाच विचारला होता. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला, तेव्हा आपली पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. एकेकट्याने विनंती करून ते झालं नसतं.

म्हणून मित्रहो, मैदानावर पोरं पाठवणाऱ्यांनी एवढं करावं. सहीआधी कागद मराठीत समजावून घ्यावा. हमीची रक्कम किती, जखमी झालो तर पगार आणि दवाखाना कोणाचा, मुदतीआधी काढलं तर भरपाई काय, हे विचारावं. आपली प्रत घेतल्याशिवाय उठू नये. फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे, तिचं नाव पोरांना माहीत असावं. आणि बारावी सोडू देऊ नये.

त्या पोराला आम्ही सांगितलं, "तू खराब खेळलास की चांगला, ते या कागदात लिहिलेलंच नाही. तुझ्या नावापुढे हमी नव्हती, एवढंच यातून कळतं." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, हे तेव्हाच सांगितलं असतं तर?"

आम्ही तेव्हा पेढे खात होतो. चूक आमचीही आहे.

जयभीम.