मिरजेचा बोलका भोपळा

मुलुंडच्या आमच्या शाळेत चौथीतला एक मुलगा एकदा डोळे पुसतच माझ्याकडे आला. बाबांनी पैसे साठवून त्याला जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. पण तारा छेडल्या तर डास गुणगुणावा एवढाच आवाज! "बाई, दुकानदारानं बाबांना फसवलं," तो म्हणाला. गिटार बिघडलेली नाही हे मला ठाऊक होतं, पण त्याला पटेल असं सांगायचं कसं?

दिवाळीच्या सुट्टीत मी दादरहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले आणि सकाळी मिरजेत उतरले. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिराने इथे सतारी बनवायला सुरुवात केली. ते शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांपैकी. तलवारींचे दिवस सरले आणि तेच हात सुरांकडे वळले! पुढे या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एका कारखान्यात शिरले, तर जिकडे तिकडे वाळलेले भोपळेच भोपळे! हे भाजीचे नव्हेत बरं का. हे कडू, जाड सालीचे. सोलापूर जिल्ह्यातून येतात. मी विचारलं, "चाचा, आवाज तारेतून येतो की भोपळ्यातून?"

चाचा हसले. त्यांनी एक सुटी तार खिळ्याला अडकवली, हाताने ताणून छेडली. जेमतेम ऐकू आली. मग तंबोरा छेडला, तर सगळी खोली भरून गेली! "बाई, इथं हात ठेवून बघा," ते म्हणाले. भोपळ्यावरची लाकडी तबली माझ्या तळव्याखाली थरथरत होती.

गंमत अशी, की तार बारीक. ती हलली तरी फार थोडी हवा हलवते. पण तिची थरथर घोडीतून तबलीत उतरते. तबली रुंद, म्हणून ती पुष्कळ हवा ढकलते. भोपळ्याच्या पोकळीतली हवाही साथ देते. भोपळा नवी ताकद आणत नाही. बोटाने तारेला दिलेली ताकदच हवेपर्यंत नीट पोचवतो. साध्या गिटारीत हेच काम पोकळ लाकडी पेटी करते.

आणि इलेक्ट्रिक गिटार? तिचं अंग बहुधा भरीव असतं. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. वरची पोलादी तार थरथरली, की वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. अॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि लाउडस्पीकर तिचा आवाज करतो. म्हणजे तिचा भोपळा वेगळा विकत घ्यावा लागतो!

शाळा उघडल्यावर मी त्या मुलाला गिटार आणायला सांगितली. तिचं बूड वर्गातल्या लाकडी कपाटाला घट्ट टेकवलं. त्याने तार छेडली, आणि शेवटच्या बाकापर्यंत सूर पोचला!

"बाई, कपाटाचा भोपळा झाला!" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "आज बाबांना दाखवतो."

तुम्हीही एक रबरबँड बोटांत ताणून छेडा. मग तोच रिकाम्या डब्यावर चढवून छेडा. मिरज घरातच ऐकू येईल!