तीन व्होल्टचा सेल

साताऱ्याहून सांगलीला आत्याकडे निघालो, तेव्हा विंडोजचा पेनड्राइव्ह खिशात होता. तिचा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता.

"काय घालायचं ते घाल, पण ह्यांचे फोटो तेवढे जाऊ देऊ नकोस रे," ती म्हणाली. मामांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

इन्स्टॉलर अडला: डिस्क जीपीटी आहे, इथे विंडोज बसणार नाही. हा जीपीटी चॅटवाला नव्हे. डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायची ती एक पद्धत. सोपा उपाय समोरच होता, सगळी पार्टिशन्स डिलीट. माझं बोट माउसवर होतं.

मग वाटलं, परवापर्यंत चालणारी डिस्क आज चुकीची कशी? बायोस उघडलं. तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला होता. लाइट गेल्यावर सेटिंग पुसलं गेलं आणि बूट मोड यूईएफआयचा लेगसी झाला. लेगसीत विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही.

नाण्याएवढा सेल बदलला, यूईएफआय निवडलं. जुनंच विंडोज उठलं. वॉलपेपरवर मामा, आयर्विन पुलावर उभे.

पेनड्राइव्हवरचं विंडोज मी पुसलं आणि आधी त्यात फोटो भरले.